अ‍ॅलर्जी आणि थकवा : एका दुर्लक्षित नात्याविषयी

जमाखर्च, ताळेबंद, देणगीदारांची नामावली आणि शस्त्रक्रियांची संख्या यांखेरीज वार्षिक अहवालात सर्वसामान्य वाचकाला उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषयक लेख असावा, असा आपल्या विश्वस्त मंडळाचा आग्रह असतो. आजवर हे लेख आपल्या डॉक्टरांनी लिहिले. या खेपेस ते काम आमच्याकडे, म्हणजे प्रशासनाकडे आले. त्याला एक कारण आहे आणि ते फारसे अभिमानास्पद नाही. यथावकाश ते पुढे येईलच. आम्ही वैद्यकशास्त्राचे नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. सबब पुढील मजकुरातील वैद्यकीय विधाने आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेतली आहेत. भाषा व मते मात्र आमची आहेत.

बाह्यरुग्ण विभागात केस पेपर काढण्याच्या खिडकीला लागूनच आमचे दालन आहे. दार उघडे असते, त्यामुळे रांगेतील बोलणे कानावर पडतेच. गड्ड्याची यात्रा आटोपली, खेड्यापाड्यांत ज्वारीची मळणी सुरू झाली, की या रांगेत शिंकांचा आवाज वाढतो. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, चोंदलेले नाक, खाजणारे डोळे, घशात खवखव, अशा तक्रारी एकामागून एक येतात. डॉक्टर त्या लिहून घेतात, औषध देतात, आणि रुग्ण उठून निघताना, बहुधा उंबऱ्यावरून, आणखी एक वाक्य टाकतो : "आन् डॉक्टर, अंगात त्राणच नसतं बघा."

आधीच्या सर्व तक्रारी केस पेपरवर उतरतात. ही शेवटची बहुधा उतरत नाही. सांगणाऱ्यालाही ती तक्रार वाटत नसते. बोलता बोलता आलेली एक गोष्ट, एवढेच तिचे स्वरूप. घरात तिला आळस म्हणतात, कारखान्यात कामचुकारपणा आणि शाळेत अभ्यासाकडे दुर्लक्ष. नाक गळत असल्याचे दिसते, त्यावर कोणी शंका घेत नाही. थकवा दिसत नाही. तो सांगणाऱ्याच्या शब्दावरच विसंबून मानावा लागतो, आणि आपल्याकडे गरिबाच्या शब्दाला किती वजन असते हे वाचक जाणतातच.

वास्तविक हे नाते वैद्यकाला नवे नाही. १८१९ साली लंडनमधील डॉ. जॉन बोस्टॉक यांनी आपल्या समव्यावसायिकांच्या सभेत एका रुग्णाची हकीकत वाचून दाखविली. दर उन्हाळ्याच्या आरंभी डोळे लाल होऊन झोंबणे, शिंकांची सरबत्ती, छाती आवळल्यासारखी वाटणे, असा त्रास त्या रुग्णाला वयाच्या आठव्या वर्षापासून होत होता. रुग्ण म्हणजे स्वतः बोस्टॉकच होते. त्यांच्या टिपणात नाकाडोळ्यांच्या लक्षणांपाठोपाठ विलक्षण मरगळ, अंगमेहनत करण्याची अशक्यता, अन्नावरची वासना उडणे व अस्वस्थ रात्री यांचीही नोंद आहे. म्हणजे या विकाराचे जे पहिले व्यवस्थित वर्णन मानले जाते, त्यातच थकवा व बिघडलेली झोप दोन्ही आहेत. पुढे इंग्रजीत या विकाराला वाळक्या गवताचा ताप अशा अर्थाचे 'हे फीव्हर' हे नाव रूढ झाले. दोष वाळक्या गवताचा नसून परागकणांचा, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. आणि ताप तर यात नसतोच. तरीही नावातला ताप टिकला. तापातून उठलेल्या माणसासारखा गळाठा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. निराळे व कार्य अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड. मराठीत आपण 'वावडे' म्हणतो, व तो शब्द आम्हांस अधिक नेमका वाटतो. धूळ, पराग, बुरशी, मांजराचे केस या वस्तू बहुतेकांना निरुपद्रवी. एखाद्याच्या शरीराला मात्र त्यांचे वावडे. आमच्या क्षेत्रातील उदाहरण द्यायचे तर, असे शरीर म्हणजे प्रत्येक व्हाउचरमध्ये अफरातफर पाहणारा लेखापरीक्षक. त्याच्या हाताशी आय-जी-ई नावाची प्रतिद्रव्ये असतात; त्यांचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे लावला. ही प्रतिद्रव्ये नाक, डोळे, श्वासनलिका यांच्या अस्तरातील विशिष्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. वावड्याचा कण आला की त्या पेशींतून हिस्टामिन व तत्सम रसायने बाहेर पडतात. नाक गळणे, खाज व शिंका हा त्यांचाच प्रताप.

येथवरची माहिती शालेय पुस्तकांतही मिळेल. थकवा कोठून येतो, हा खरा प्रश्न.

पहिला व सर्वांत मोठा भाग झोपेचा आहे. अ‍ॅलर्जीने नाकाचे अस्तर सुजते. आडवे झाल्यावर त्या अस्तरातील रक्ताचा साठा वाढतो, आणि नाक चोंदण्याचा जोरही रात्री व पहाटे अधिक असतो. दिवसभर कसेबसे चालणारे नाक अंथरुणाला पाठ टेकताच बंद होते. मग तोंडाने श्वास, घशाला कोरड, घोरणे, आणि रात्रीतून कित्येकदा क्षणभर झोपमोड. ही झोपमोड इतकी अल्प असते की सकाळी तिची आठवणही राहत नाही. घरची मंडळी शपथेवर सांगतात, आठ तास डाराडूर झोपला होता. बँकेत रक्कम भरल्याची पावती हातात आहे, पण खात्यावर जमा अर्धीच, असा हा प्रकार. ज्यांचे टॉन्सिल किंवा नाकामागील ग्रंथी वाढलेल्या आहेत, अशा मुलांत याचे स्वरूप गंभीर होऊ शकते. उघड्या तोंडाने झोपणारे, डोळ्यांखाली काळी वर्तुळे असलेले, सतत तळहाताने नाक वर घासणारे मूल दिसले, तर ते 'मंद' आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याचे नाक तपासून घ्यावे, ही विनंती.

दुसरा भाग सूक्ष्म आहे. प्रतिकारयंत्रणा कामास लागली की ती सायटोकाइन नावाची निरोपी रसायने रक्तात सोडते. फ्लूमध्ये अंग मोडून येते, काही सुचत नाही, पडून राहावेसे वाटते, त्यामागे अशाच रसायनांचा हात असतो. अ‍ॅलर्जीत त्यांचे प्रमाण बरेच कमी. पण फ्लू आठवड्यात उतरतो, हे महिनोन् महिने चालते.

तिसरा भाग गोळीचा. येथे आम्हांस आमच्या कारणाकडे यावे लागेल.

औषध खरेदीचे कागद आमच्या सहीने जातात. धर्मादाय औषधालय चालवायचे म्हणजे कमीत कमी पैशांत अधिकाधिक रुग्णांना औषध पोहोचवायचे, हे धोरण आम्ही अनेक वर्षे निष्ठेने पाळले. अ‍ॅलर्जीसाठी क्लोरफेनिरामिन ही जुनी, गुणकारी व अत्यंत स्वस्त गोळी आपल्या खिडकीवरून दिली जात असे. पुढे नव्या गोळ्या आल्या. डॉक्टरांनी दोनदा त्या मागणीपत्रात लिहिल्या, आणि दोन्ही वेळा दरातील फरक पाहून आम्ही त्यांवर काट मारली. एका वर्षीच्या अहवालात औषध खर्चातील बचत आम्ही ठळक अक्षरांत मांडली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काही काळाने अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याचा कामगार हाताला मलमपट्टी करून घेण्यास आला. रातपाळीत चालत्या मागावर त्याचा हात गेला होता. नशिबाने बोटे वाचली. दोन नखे गेली व पंजा सुजला. मलमपट्टी होईपर्यंत तो बाकावर बसल्या बसल्याच पेंगत होता. पगार पीसवर, हात बंद म्हणजे चूलही थंड, म्हणून त्याची सुट्टीच्या दाखल्यासाठी खटपट चालली होती आणि त्यासाठी तो आमच्या दालनात आला. सहज विचारले, असे झाले कसे? तो म्हणाला, "साहेब, तुमच्याच गोळीनं नाक थांबतंय, पर डोळ्यावर झापड येतीया. पहाटं पहाटं एका मागाचे दोन दिसत्यात." केस पेपर मागविला. चार महिने, दिवसातून तीन वेळा, आपल्याच खिडकीवरून, तीच गोळी. त्याने कोणाला दोष दिला नाही. गोळी बदलून मिळते, हेच त्याला ठाऊक नव्हते. आमच्या बचतीची ही दुसरी बाजू कोणत्याही खतावणीत आलेली नव्हती.

या गोळीने झोप का येते, हे समजून घेतल्यावर आम्हांस मोठे आश्चर्य वाटले. जे हिस्टामिन नाकात उपद्रव करते, तेच मेंदूत माणसाला जागे ठेवण्याचे काम करते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींचा एक लहानसा पुंजका दिवसभर ते स्रवतो व आपण सावध राहतो. जुन्या गोळ्या रक्तातून मेंदूत शिरतात आणि नाकातले व डोक्यातले असे दोन्हीकडचे हिस्टामिन अडवितात. चोरासोबत रखवालदारही बांधून घातल्यासारखे होते. क्लोरफेनिरामिनचा अंमल शरीरात दीर्घकाळ राहतो, त्यामुळे फक्त रात्री घेतली तरी दुसऱ्या सकाळची जडता टळतेच असे नाही.

अमेरिकेतील आयोवा येथे वाहन चालविण्याच्या कृत्रिम यंत्रावर ४० चालकांची परीक्षा घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. डायफेनहायड्रामिन या जुन्या वर्गातील औषधाने चालविण्यातील कौशल्य मद्यापेक्षाही अधिक बिघडले. फेक्सोफेनाडिन हे नवे औषध घेतलेल्यांची कामगिरी निव्वळ साखरेची गोळी घेतल्यासारखीच राहिली. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, आपणास किती झोप येत आहे याविषयी चालकांनी स्वतः केलेल्या अंदाजावरून त्यांचे कौशल्य किती बिघडले हे नीट ओळखता येत नव्हते. "मला काही होत नाही, सवय आहे," असे म्हणणाऱ्या रिक्षाचालकाने व मागवाल्याने हे ध्यानात घ्यावे. सर्दीच्या तयार गोळ्यांत व खोकल्याच्या पातळ औषधांत ही जुनी द्रव्ये सर्रास असतात. दुकानातून परस्पर घेताना वेष्टनावरील नाव वाचावे.

नव्या गोळ्याही सगळ्या सारख्या नाहीत. फेक्सोफेनाडिनने झोप जवळजवळ येत नाही. मात्र ती फळांच्या रसाबरोबर घेतल्यास शरीरात नीट शोषली जात नाही, पाण्याबरोबरच घ्यावी. लोराटाडिननेही सहसा येत नाही. सेटिरिझिन व लिव्होसेटिरिझिन यांनी काहींना येते, काहींना नाही. आपल्या भागात लिव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी फार खपते, आणि एकदा लिहून दिलेली चिठ्ठी दाखवून लोक ती वर्षभर घेत राहतात. मॉन्टेलुकास्टमुळे काही रुग्णांत वाईट स्वप्ने, झोपमोड, चिडचिड, उदासीनता असे परिणाम दिसल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापण्यास सांगितले. दम्यात तिचे स्थान आहे. साध्या नाकाच्या त्रासासाठी ती डॉक्टरांना विचारल्याविना चालू ठेवू नये. तसेच हा लेख वाचून कोणी आपले औषध एकाएकी बंदही करू नये.

विद्यार्थ्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे अगत्याचे वाटते. ब्रिटनमध्ये शालान्त परीक्षा नेमक्या परागांच्या हंगामात येतात. तेथील १,८३४ विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सराव परीक्षेच्या मानाने अंतिम परीक्षेत श्रेणी घसरण्याची शक्यता अ‍ॅलर्जीची लक्षणे असलेल्या मुलांत सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होती, आणि झोप आणणारी गोळी घेणाऱ्यांत सुमारे ७० टक्क्यांनी. आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे मळणीची धूळ आणि झाडांचा मोहर यांच्या दिवसांतच येतात. पालक परीक्षेच्या आठवड्यात धावत येतात व "काहीतरी जोरदार गोळी द्या" म्हणतात. जोरदार गोळी नको. डिसेंबर-जानेवारीतच येऊन नाकाचा उपचार सुरू करावा.

सोलापूरकरांच्या बाबतीत धुळीची गोष्ट निराळी काढावी लागते. हे शहर कापसावर उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे मोठ्या गिरण्या धडधडत होत्या. त्या एकेक करून बंद पडल्या व आता चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग राहिले. गिरणीच्या पिंजण व कताई खात्यांत काम केलेल्या वृद्धांना एक विकार ठाऊक असतो, नाव माहीत नसले तरी. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळते, धाप लागते, अंग गळते. आठवड्याच्या शेवटाकडे बरे वाटते. पुन्हा सुट्टी, पुन्हा तेच. हा बायसिनोसिस. काटेकोर अर्थाने ही अ‍ॅलर्जी नव्हे. कापसाच्या धुळीतील जिवाणूंच्या विषारी अंशाचा त्यात मोठा वाटा असतो. इंग्लंडमधील लँकाशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात त्याची प्रतवारी बसविली. मुंबईत केईएम रुग्णालयाचे डॉ. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९८१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत तो कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत होता. विणकामाच्या खात्यात त्याचा धोका कताईपेक्षा कमी. तरी मागाखालची तूस झाडण्याचे काम करणाऱ्यांनी नाकातोंडावर चांगले फडके बांधावे, आणि "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जास्त होते" ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. रोगनिदानाची निम्मी किल्ली त्या एका वाक्यात असते.

जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. ओलसर राहून बुरशी आलेल्या बगॅसची धूळ फुप्फुसात गेल्याने होणाऱ्या विकाराचे वर्णन अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९४१ साली झाले. त्यात शिंका येत नाहीत. काम करून काही तास उलटल्यावर ताप, खोकला, धाप. आणि असेच चालू राहिल्यास वजन घटणे व न संपणारा थकवा. हा क्षयासारखा भासतो आणि क्षयाचे औषध घेऊन बरा होत नाही. गाजर गवताविषयी काय सांगावे? पुण्यातील त्याच्या अस्तित्वाची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले असे सांगतात. आज ते आपल्या प्रत्येक मोकळ्या जागेत आहे. त्याच्या स्पर्शाने कातडीला विकार होतो आणि परागांनी नाकाला. उपटायचे तर फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून. आणि ज्याला त्रास आहे त्याने उपटू नये. आपल्या आवारातील गवत यंदा पावसाळ्यातच काढून टाकले, हे जाता जाता सांगतो.

आता दुसरी चूक. थकव्याकडे दुर्लक्ष होणे हे एक. पण एकदा 'अ‍ॅलर्जी' असा शिक्का बसला की साऱ्या थकव्याचे खापर तिच्यावर फोडणे हे त्याहून घातक. पूर्व भागातील एक विडी कामगार अक्का आपल्याकडे दोन वर्षे येत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. शिंका व डोळ्यांची आग ही तंबाखूच्या धुळीने खरीच होती. थकवाही सांगत. पूर्वी दिवसाकाठी हजार विड्या सहज होत, आता सहाशेवर हात थांबतो, त्यातही छाट अधिक निघतो, असे म्हणत. केस पेपरच्या शिरोभागी कोणीतरी 'अ‍ॅलर्जी' लिहून ठेवले होते. पुढचा प्रत्येक डॉक्टर ते वाचे व गोळी वाढवून देई. एकदा एका नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पापणीचा आतला भाग पाहिला. तो पांढरा होता. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सातच्याही खाली. मासिक पाळीत अतिरक्तस्राव होत होता. तो पुरुष डॉक्टरांस सांगण्याचा संकोच, आणि विचारले कोणीच नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. इतके व्यापक कारण समोर असताना अ‍ॅलर्जीवर थांबणे, हा दोष आमच्या पद्धतीचा होता, कोणा एका डॉक्टरांचा नव्हे.

म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना सांगणे असे. नाकाचा त्रास कमी झाल्यावरही थकवा तसाच राहिला, किंवा हंगाम बदलला तरी तो हटला नाही, तर तो अ‍ॅलर्जीचा नसण्याची शक्यता अधिक. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, मनाची उदासीनता यांचा विचार व्हावा. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन असेल, तर आधी क्षयाची तपासणी. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य होते. रात्री खोकल्याने जाग येणे, जिना चढताना छातीतून सूं-सूं आवाज येणे हे दम्याचे असू शकते. मोठ्याने घोरणारा माणूस मध्येच श्वास थांबून दचकून उठत असेल, तर ते पत्नीने सांगावे. त्याला स्वतःला ते कळत नाही.

आणि थकवा अ‍ॅलर्जीचाच असेल तर उपाय नाकापासून सुरू होतो. नाकात मारण्याचा स्टेरॉईडचा फवारा ऐकून लोक दचकतात. पण त्यातील औषधाचे प्रमाण अत्यल्प, ते मुख्यतः नाकातच काम करते, आणि नाक मोकळे झाल्याने झोप व दिवसाची तरतरी दोन्ही सुधारतात. त्याचा पूर्ण गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात; दोन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून फेकू नये. मान किंचित पुढे झुकवून, फवाऱ्याचे तोंड मधल्या पडद्याकडे न करता कानाच्या दिशेने करावे. उलट, चोंदलेले नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा अधिक घेतले तर नाक त्यांच्याच आहारी जाते आणि थेंब थांबविताच दुप्पट चोंदते. वर्षानुवर्षे उशाशी ती बाटली ठेवून झोपणारी माणसे आपल्या परिचयातही असतील. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजे आपली जलनेती, उत्तम. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे, नळाचे नको.

अंथरुणातील डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे हे वर्षभर चालणाऱ्या त्रासाचे प्रमुख कारण. पावसाळ्यातील दमटपणात ते वाढतात. त्यांच्यावर सोलापूरचे ऊन हे फुकटचे औषध आहे. गोधड्या, वाकळा, उशा दिवसभर कडक उन्हात टाकाव्यात. तथापि उन्हाने किडे मेले तरी त्यांची भुकटी कापडात राहते, आणि खरे वावडे त्या भुकटीचेच असते. म्हणून खोळी व चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवाव्यात. गोधडी झटकायची तर घराबाहेर, आणि ज्याला त्रास आहे त्याच्या हातून नव्हे. आमच्या निरीक्षणात हे काम बहुतेक घरांत नेमके शिंकणाऱ्या सुनेकडेच असते.

या वर्षात झालेले बदल विश्वस्तांच्या माहितीसाठी नमूद करतो. औषधालयात झोप न आणणारी गोळी आता नेहमीच्या यादीत आली आहे. ती जेनेरिक स्वरूपात मिळत असल्याने दरातील अंतर आम्ही समजत होतो तेवढे राहिलेले नाही, हे तपासल्यावर कळले. ते आम्ही आधीच तपासावयास हवे होते. जुनी गोळी पूर्णपणे काढलेली नाही. डॉक्टर लिहितील तेव्हा ती मिळेल, आणि तिच्या पाकिटावर 'माग, यंत्र किंवा वाहन चालवू नये' असा शिक्का मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांत मारला जातो. केस पेपरवर 'झोप कशी?' व 'थकवा?' अशा दोन ओळी छापून घेतल्या आहेत. अ‍ॅलर्जी आणि थकवा दोन्ही सांगणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे हिमोग्लोबिन एकदा तरी तपासले जावे, असे परिपत्रक काढले आहे. देयक भरण्याची ऐपत नसल्यास ही तपासणी धर्मादाय निधीतून होते.

अक्का लोहाची औषधे व पाळीवरचे उपचार घेऊन आता पुष्कळ सावरल्या आहेत. शिंका अद्याप येतात. तंबाखू सुटेपर्यंत त्या पूर्णपणे जाणार नाहीत आणि तंबाखूवाचून घर चालत नाही. मागावरील कामगाराचा हात बरा झाला. त्याला फवारा व नवी गोळी सुरू आहे. मध्यंतरी औषध नेण्यास आला असता, रातपाळी सोडून दिवसपाळी मिळाल्याचे सांगून गेला.

सोबतच्या उत्पन्न-खर्च पत्रकात औषध खर्चाच्या शीर्षाखाली यंदा मागील वर्षापेक्षा वाढ दिसेल. त्या वाढीत वरील बदलांचा खर्च समाविष्ट असून, लेखापरीक्षकांना तसे स्पष्टीकरण लेखी दिलेले आहे.